वालिसच्या दरीत नवा संसार: घर वर घ्यावं की खाली, आणि पहिलं वर्ष कसं काढावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नाशिकच्या, फिजिओथेरपिस्ट. यजमानांना स्वित्झर्लंडमधल्या फिस्पला औषधनिर्मितीत नोकरी लागली आणि ते एप्रिलपासून तिथेच आहेत. तुम्ही आणि मे महिन्यात चार वर्षांची झालेली मुलगी आता जाणार. यजमानांच्या मनात वर डोंगरात, फिस्पटर्मिनेनला, एक जुनं लाकडी घर भरलंय. भाडं कमी, समोर बर्फाची शिखरं. तुमचं मन मात्र धजत नाही. शिवाय मुलीला जर्मनचा शब्द येत नाही, तुमच्या कामाचं काय होणार कळत नाही, आणि पुढेमागे दुसरं बाळ झालं तर सासूबाईंना किती दिवस ठेवून घेता येईल, हेही विचारलंत.

मी ओबरवालिसमध्ये, म्हणजे वालिस कँटनच्या (कँटन म्हणजे इथलं राज्य) जर्मन बोलणाऱ्या भागात, नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी दुभाष्याचं काम करते. शाळेतल्या बैठका, डॉक्टरांची खोली, गेमाइंडेची खिडकी. (गेमाइंडे म्हणजे इथली ग्रामपंचायत म्हणा, नगरपालिका म्हणा.) त्या अनुभवावरून निकाल आधी सांगते: घर खाली घ्या. फिस्प, ब्रिग किंवा नाटर्स. स्टेशन, शाळा आणि किराणा पायी गाठता येईल असं. निदान पहिली दोन वर्षं तरी.

नोकरी करणाऱ्याचा दिवस आयता बांधलेला असतो. कारखान्यात इंग्रजी चालतं, जेवायला चार माणसं सोबत असतात, संध्याकाळी दमून घरी यायचं. घरी असलेल्या माणसाला मात्र आपला दिवस स्वतः उभा करावा लागतो, आणि तोही परक्या भाषेत. म्हणून घर, गाव, गाडी, सगळं ठरवताना मी बायकांना एकच प्रश्न विचारायला लावते: दुपारचे दोन वाजलेत, बाहेर बर्फ पडतंय, नवरा शिफ्टला आहे, मूल कंटाळलंय. आता मी एकटीने, कुणाला फोन न करता, कुठे जाऊ शकते? याचं उत्तर 'कुठेच नाही' असं असेल तर खिडकीतून मॅटरहॉर्नचं शिखर दिसलं तरी ते घर घेऊ नये. इथून कंटाळून परतलेली जी कुटुंबं मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचा पगार उत्तम होता. घरी असलेलं माणूस मिटत गेलं, म्हणून ती गेली.

फिस्पटर्मिनेनबद्दल माझं काही वाकडं नाही. गाव जितंजागतं आहे, माणसं मोकळी आहेत. उंची साधारण १३७० मीटर, म्हणजे महाबळेश्वरएवढी. त्याच्या उतारावरचे द्राक्षमळे ११०० मीटरच्याही वर चढतात, त्यामुळे नाशिकच्या माणसाला तिथे पहिल्या दिवशी घरच्यासारखं वाटणार हे मी समजू शकते. पण फिस्प ६५० मीटरवर आहे आणि मधली सातशे मीटरची चढण वळणांची आहे. पिवळी पोस्टबस नियमित असते, अर्ध्या तासाच्या आत खाली आणते, पण रात्री तिच्या फेऱ्या लवकर संपतात. भारतीय लायसन्सवर इथे पहिले १२ महिनेच गाडी चालवता येते. त्याच्या आत ते बदलून घ्यायचं, आणि त्यासाठी परीक्षकाला शेजारी बसवून एक फेरी मारून दाखवावी लागते. ही फेरी एकदाच देता येते. नापास झालात तर थेट शिकाऊ परवान्यापासून सुरुवात. म्हणून पहिल्या हिवाळ्यात घाटातल्या रस्त्यावर गाडी चालवायची घाई करू नका. वसंतात एखाद्या शिकवणाऱ्याकडे काही तास घ्या, मग परीक्षेला बसा. एवढ्यात वर्ष सरतं. ते वर्ष बसच्या वेळापत्रकावर काढायचं की स्वतःच्या पायांवर, एवढाच हा प्रश्न आहे.

वरची सगळी गावं सारखी नसतात, हेही सांगायला हवं. काही गावांत निम्म्याहून जास्त घरं सुट्टीपुरती उघडतात. स्की करणारे ख्रिसमसला येतात, उन्हाळी पाहुणे जुलैत. नोव्हेंबरात फिरायला निघालात तर घरामागून घर खिडक्या मिटून बसलेलं. हे इतकं वाढलं की मार्च २०१२ मध्ये लोकमत घेऊन ठरलं: ज्या गेमाइंडेत अशी घरं २० टक्क्यांवर गेली आहेत तिथे नवीन बांधायची नाहीत. यजमान जुलैच्या उन्हात घर बघून हरखले असतील, तर त्यांना म्हणावं, एकदा नोव्हेंबरातल्या मंगळवारी संध्याकाळी जाऊन बघा.

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि ती खालच्या घरालाही लागू आहे. वालिस हा स्वित्झर्लंडचा कोरडा, उन्हाचा भाग. फिस्पला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, नाशिक शहरापेक्षाही कमी. बर्न-झुरिखकडे हिवाळाभर धुकं बसतं, तसं इथे बसत नाही. पण दरी पूर्व-पश्चिम आहे आणि दक्षिणेचा डोंगर उंच. त्याच्या पायथ्याला जी घरं आहेत त्यांना डिसेंबर-जानेवारीत कित्येक आठवडे ऊन शिवत नाही. ब्रिगहून सिम्प्लॉन बोगद्यातून पलीकडे इटलीत उतरलं की एका बाजूच्या दरीत विगानेल्ला नावाचं खेडं आहे. तिथे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दिसत नाही, म्हणून २००६ साली गावकऱ्यांनी डोंगरावर मोठा आरसा लावून चौकात ऊन पाडलं. फिस्पला एवढी वेळ येत नाही, पण घरमालकाला सरळ विचारा: २१ डिसेंबरला या खोलीत ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं? इथल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटत नाही, त्याला मिनिटासकट उत्तर माहीत असतं. आपल्या सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं. तेव्हा पहिल्याच तपासणीत डॉक्टरांकडे तिघांसाठी तो विषय काढा.

आता घर मिळवण्याचं. फिस्पमध्ये घरं चटकन उठतात. १८९७ साली गाम्पेलला सुरू झालेल्या लोन्झा कंपनीचा फिस्पचा कारखाना गेल्या काही वर्षांत फार वाढला. मॉडर्नाच्या कोविड लशीचं मूळ द्रव्यही इथे बनत होतं. जगभरातून माणसं आली, तेवढी घरं झाली नाहीत. म्हणून नाटर्स, ब्रिग, रारोन, गाम्पेल असं रेल्वे किंवा बसच्या ओळीत शोधा. मालक 'बेट्राइबुंग्स' कार्यालयाचा उतारा मागेल, म्हणजे तुमच्या नावावर वसुलीचा दावा नाही याचा दाखला. नव्या माणसाचा तो कोराच असतो, म्हणून नोकरीचा करार आणि कंपनीचं पत्र जोडायचं. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती भाडेकरूच्या नावच्या गोठवलेल्या खात्यात राहते. करारावर तुमचीही सही असू द्या. आणि हो, बिलं वेळेवर भरा. इथे थकबाकीबद्दल कुणी फोन करून आर्जवं करत नाही. दोन स्मरणपत्रं येतात आणि मग वसुलीची नोटीस, जी पुढच्या घरमालकाला त्या उताऱ्यात दिसते.

कागद. तुमचं विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला, दोन्हीवर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनची मोहोर, करून आणा. आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन लागतं, त्याला वेळ धरा. पोहोचल्यावर १४ दिवसांत गेमाइंडेत नोंद करायची. आरोग्य विमा तीन महिन्यांच्या आत घ्यायचा, पण हप्ता मात्र पोहोचल्या दिवसापासूनच मोजला जातो. उशिरा घेऊन पैसे वाचत नाहीत. तुमचा परवाना कुटुंब-एकत्रीकरणाचा असेल, म्हणजे नवऱ्याच्या परवान्याला टेकलेला. त्यावर तुम्हाला नोकरी करता येते, वेगळी परवानगी शोधत बसावं लागत नाही.

एक गोष्ट सगळ्या बायकांना सांगते, कितीही गोड संसार असला तरी. बँकेत तुमच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा, आणि तुमचे मूळ कागद कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक असू द्या. कायद्यात तीन वर्षं इथे एकत्र संसार झाला असेल आणि भाषा वगैरे अटी पुऱ्या असतील, तर विभक्त झाल्यावरही राहण्याचा हक्क सांगता येतो. घरात छळ असेल तर तीन वर्षांची वाट बघावी लागत नाही. २०२५ पासून हे बी परवानाधारकांच्या (बी म्हणजे मुदतीचा वास्तव्य-परवाना) जोडीदारांनाही लागू आहे. यजमानांनी हे वाचलं तर रागावू नयेत. छत्री घेतली म्हणून कुणी पावसाला बोलावत नसतं.

आता तुमचं काम. बातमी चांगली आहे, पण वाट लांबची. फिजिओथेरपी हा इथे नियमन असलेला व्यवसाय आहे. परदेशी पदवीची मान्यता स्विस रेड क्रॉस बघते. जर्मन बी२ पातळीची, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल इतकी, लागते आणि अभ्यासक्रमात फरक निघाला तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. वर्षभरात होईल अशी आशा धरू नका, पण अर्जाचे कागद आताच गोळा करा. विद्यापीठाचा विषयवार तासांचा तपशील, इंटर्नशिपचे दाखले, कौन्सिलची नोंदणी. हे नाशिकला बसून चार खेटे घालून मिळतं, फिस्पहून ई-मेल करून मिळत नाही. दरम्यान वृद्धाश्रमात किंवा दवाखान्यात सहायक म्हणून काम मिळू शकतं. काहींना ते कमीपणाचं वाटतं. माझं मत विचाराल तर जर्मन शिकायला वृद्धाश्रमासारखी जागा नाही: आजी-आजोबांना बोलायला कुणीतरी हवंच असतं, आणि त्यांना वेळही असतो.

जोडीदार म्हणून येताना ए१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं बोलणं किंवा निदान वर्गाला नाव घातल्याचा दाखला लागतो. पुण्या-मुंबईला मॅक्स म्युलर भवनात ए१ करून आलात तर पहिले महिने सुसह्य होतील. मात्र इथे उतरल्यावर तुम्हाला वाटेल की आपण भलतीच भाषा शिकलो. वालिसची बोली इतकी वेगळी आहे की झुरिखच्या माणसालाही ती कळताना अडते. घाबरू नका. लिहिणं, शाळा, दवाखाना, सरकारी काम सगळं प्रमाण जर्मनमध्येच चालतं, आणि 'कृपया प्रमाण जर्मनमध्ये बोला' म्हटलं की लोक बदलतात. दोन मिनिटांत पुन्हा बोलीवर घसरतात, मग पुन्हा सांगायचं. लाजायचं नाही. वर्गात मात्र पहिल्याच आठवड्यात नाव घाला, 'मुलगी रुळली की बघू' म्हणू नका. मुलगी तुमच्या आधी रुळेल.

मुलीचं. वालिसमध्ये ३१ जुलैपर्यंत चार वर्षं पुरी झालेल्या मुलाला त्याच ऑगस्टपासून बालवर्ग सक्तीचा आहे. म्हणजे तुमची मुलगी यंदाच बसेल. सरकारी शाळा, फी नाही. इंग्रजी शाळेच्या मागे लागू नका. त्यासाठी रोजचा प्रवास करून मुलं दमतात आणि शेजारपाजारी कुणाशी ओळख होत नाही. बालवर्गात बाई बऱ्याचदा बोलीतच बोलतात. मुलगी पहिले काही महिने गप्प बसेल. खेळेल, बघेल, हसेल, पण बोलणार नाही. भारतातल्या आजीला व्हिडिओवर हे दिसलं की ती घाबरते आणि 'घरी जर्मन बोला तिच्याशी' असा सल्ला देते. तसं करू नका. घरी मराठीच, भरपूर, गोष्टींसकट. बाईसुद्धा हेच सांगतील. मग एखाद्या दिवशी ती अख्खं वाक्य बोलेल, तेही अस्सल वालिस बोलीत, आणि तुम्हालाच अर्थ विचारावा लागेल.

दोन रिवाज आपल्या आयांना जड जातात. पहिला, मुलं शाळेत एकटी किंवा घोळक्याने चालत जातात. गळ्यात चमकत्या पट्ट्यांचा केशरी-पिवळा त्रिकोण असतो, चालक तो बघून थांबतात. सुरुवातीचे आठवडे सोबत जा, हळूहळू कोपऱ्यापर्यंत, मग दारापर्यंत. रोज वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचवत राहिलात तर बाई नाजूकपणे सुचवतीलच. दुसरा, दुपारी शाळा सुटते. मुलं साडेअकराच्या सुमारास घरी जेवायला येतात आणि दीडला परत जातात, काही दुपारी तर शाळाच नसते. म्हणजे दोघांनीही नोकरी करायची तर दुपारच्या जेवणाची सोय आधी बघायला हवी. ती सशुल्क असते, आणि मोठ्या गावांत सहज मिळते, वर डोंगरात नाही. घर खाली घ्या म्हणण्याचं हे आणखी एक कारण. डब्याचं म्हणाल तर सकाळच्या सुट्टीत फळ, गाजर, पावाचा तुकडा. चॉकलेट-वेफर्स शाळा परत पाठवते. वर्गात घालायच्या सपाता आणि पावसाळी विजार मात्र पहिल्या दिवसापासून लागतात, कारण पावसातही मुलांना बाहेर काढतात.

तुम्हाला स्वतःला ओळखी कुठे होतील? शेजाऱ्यांच्या दारावर टकटक करून चहाला बसण्याची पद्धत नाही. इथे माणसं मंडळांतून भेटतात: व्यायाम मंडळ, गायनवृंद, बँड. चार वर्षांच्या मुलीची आई म्हणून तुमच्यासाठी 'मुकी-टुर्नेन' आहे, म्हणजे आठवड्यातून एकदा शाळेच्या हॉलमध्ये आई आणि मूल एकत्र व्यायाम करतात. फिजिओथेरपिस्टला तिथे जर्मन न येताही कळेल काय चाललंय. मराठी कार्यक्रम, गणपती वगैरे बहुतेक झुरिख-बासेलच्या बाजूला असतात. २००७ मध्ये उघडलेल्या ३४.६ किलोमीटरच्या लोचबर्ग पायथा-बोगद्यामुळे फिस्पहून बर्न तासाच्या आत आलंय, त्यामुळे सणाला जाऊन रात्री परत येता येतं. तुमच्यासाठी अर्ध्या भाड्याचं कार्ड लगेच काढा. मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत तुमच्यासोबत फुकट प्रवास करते. बर्नला श्रीलंकेतल्या तमिळांची मोठी वस्ती आहे. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, चक्कीचं पीठ त्यांच्या दुकानांत मिळतं, आणि युरोपाप्लाट्झच्या 'हाउस डेर रेलिगिओनन'मध्ये त्यांचं देऊळ आहे. केशर मात्र भारतातून आणू नका, नाटर्सच्या वरच्या मुंड गावात पिकतं. किंमत ऐकून चक्कर येईल, पण वर्षातून एकदा श्रीखंडात चिमूटभर घालायला हरकत नाही.

घर चालवताना भांडण होतं ते फोडणीवरून आणि ओलीवरून. इथल्या खिडक्या हवाबंद असतात. भात, कुकर, वाळत घातलेले कपडे यांची वाफ भिंतीवर बसते आणि जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी दिसते. मालक म्हणतो भाडेकरूची चूक. उपाय सोपा: दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, मग घट्ट बंद. दिवसभर खिडकी तिरकी ठेवून भागत नाही. त्याने भिंत गार पडते आणि बुरशी आणखी वाढते. स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर टाकतो की गाळून परत आत सोडतो, ते घर बघतानाच विचारा. दुसरा प्रकार असेल तर गाळणी वरचेवर बदला आणि तळण उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. घर ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याची नोंद कागदावर करून घ्या, फोटो काढा. रंगाचं आयुष्य साधारण आठ वर्षं धरतात, त्यामुळे जुन्या रंगाचे पूर्ण पैसे सोडताना मागितले तर नम्रपणे 'रंग कधी दिला होता?' असं विचारायचं. तळघरातल्या धुलाईखोलीचं वेळापत्रक पाळा, रविवारी धुणं नाही, बाटल्या फेकणं नाही. कचऱ्याच्या पिशव्या कर भरलेल्याच वापरायच्या. दिवाळीच्या पणत्या लाकडी बाल्कनीत नको. फ्योन नावाचा गरम कोरडा वारा सुटला की या दरीत आग लागायला ठिणगी पुरते.

दुसऱ्या बाळाचं. विम्यात 'फ्रांचीझ' म्हणजे वर्षातला पहिला खर्च तुमच्या खिशातून. मोठ्यांना ती ३०० ते २५०० फ्रँकांत निवडता येते, मुलांना शून्यही. बाळाचा विचार असेल तर तुमच्यासाठी ३००ची घ्या, कारण ती फक्त १ जानेवारीला बदलता येते. गर्भारपणाच्या तेराव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर आठ आठवड्यांपर्यंत मूळ विम्यातल्या उपचारांचा काहीच हिस्सा तुम्हाला भरावा लागत नाही. बाळंतपणानंतर सुईण घरी येते, पहिल्या ५६ दिवसांतल्या तिच्या भेटी विम्यातून. ही सोय आपल्याकडच्या बायकांना माहीत नसते आणि सुईण तर गर्भारपणातच ठरवावी लागते. तुम्ही नोकरीत असाल तर १४ आठवडे ८० टक्के पगार मिळतो, पण त्याआधी नऊ महिने इथल्या विम्यात आणि त्यातले पाच महिने कामावर असायला हवं. वडिलांना दोन आठवडे. घरातच असाल तर हा पगार नाही. कामाची घाई करा म्हणते ती यासाठीही.

सासूबाईंना शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. आई आणि सासूबाई एकाच वेळी न बोलावता एकापाठोपाठ एक बोलवा, सहा महिने निघतात. त्यांच्या प्रवास विम्याचं संरक्षण ३०,००० युरोंचं तरी हवंच, आणि जुनी दुखणी त्यात येतात का ते नीट वाचा. त्यांनाही डिसेंबरात नको, एप्रिल-मेमध्ये आणा. घरात कोंडलेल्या सासूबाई आणि थकलेली सून, दोघींनाही त्रास.

डोंगराबद्दल फार लिहीत नाही, कारण ते हळूहळू कळतं. वाटांवरची पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, पांढरा-निळा-पांढरा दिसला की मुलीला घेऊन मागे फिरा. इथल्या पाण्याच्या पाटांना, 'सुओनन'ना, लागून जाणाऱ्या वाटा बहुधा सपाट असतात. सुरुवात तिथून करा, पण आधी चौकशी करून, काही ठिकाणी एका बाजूला कडा असतो. नाशिक-धुळ्याकडची फड पद्धत ठाऊक असेल तर हे पाट, पाण्याच्या पाळ्या, सगळं ओळखीचं वाटेल. २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ते आले. वालिसमध्ये कुठलाही अपघात झाला तर १४४ फिरवायचा, हेलिकॉप्टरही तिथूनच निघतं. मोबाइलवर 'अलर्टस्विस' हे धोक्याच्या सरकारी सूचना देणारं ॲप टाका. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीडला देशभर भोंगे वाजतात ती चाचणी असते, मुलीला आधी सांगून ठेवा. २८ मे २०२५ला इथल्याच लोचेन्टाल दरीतलं ब्लाटन गाव हिमनदी कोसळून गाडलं गेलं. गाव आधीच रिकामं केलेलं असल्यामुळे गावकरी वाचले. गेमाइंडे घर सोडायला सांगते तेव्हा वाद घालायचा नसतो.

यजमानांना वरचं गाव फारच आवडलं असेल तर त्यांना उंटरबेखला घेऊन जा. रारोनहून केबल कारने वर जाता येतं. देशभरातल्या बायकांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मिळायला १९७१ उजाडलं, पण या खेड्याने मार्च १९५७ मध्येच आपल्या बायकांना मतपेटीपाशी बोलावलं होतं. दिवसभर हिंडा, जेवा आणि शेवटच्या केबल कारने खाली या. दोन वर्षांनी तुमचं जर्मन आणि लायसन्स हातात आलं की वर घर घेण्याचा विचार पुन्हा करा, तेव्हा मी अडवणार नाही.

तोपर्यंतचं काम एवढंच: अपोस्टिल लगेच टाका, पदवीचे कागद गोळा करा, मुलीचं लसीकरणाचं पुस्तक इंग्रजीत करून घ्या. शाळा ऑगस्टच्या उत्तरार्धात उघडते. व्हिसा हातात असेल तर जुलैअखेरचं तिकीट काढा, म्हणजे शाळेची वाट मुलीसोबत दहा-बारा वेळा चालून होईल. यजमानांना आजच सांगा की गेमाइंडेत जाऊन मुलीचं बालवर्गात नाव घालायची तयारी करा. त्या कामाला तुमची वाट बघायची गरज नाही.